चौदा नंबरचं शेत आणि बाबूरावदादांची निवड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय कृष्णदेवजी, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती श्री. बाबूराव सखाराम, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या कुंतीवहिनी, सें पिएरचे ग्रामस्थ, रोझ हिलहून बसमध्ये उभ्यानं प्रवास करून आलेले स्नेहीजन, आणि मागच्या दाराशी घुटमळणारे वर्कशॉपमधले कामगार बंधू (अहो, पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत), आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मंडळाचा चिटणीस म्हणून निरोपाचं भाषण माझ्या वाट्याला आलं. ते मी मागून घेतलेलं नाही. कृष्णदेवजींना मी दोनदा म्हणालो, दुसऱ्या कुणाला तरी बोलू द्या. त्यांनी विचारलं, का? त्यावर माझ्याकडे चारचौघांत सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून मी उभा आहे. माझं मराठी घरचं, पणजोबांबरोबर बोटीतून आलेलं. ते नीटनेटकं करून द्यायचं काम शिक्षिका चंद्रिकाबाईंनी केलं, त्यांचे आभार. त्यांनी पहिली चार पानं तपासली आहेत. उरलेली मी काल लिहिली. तेव्हा इथून पुढं जे अशुद्ध येईल ते माझं समजावं.

मॉरिशसमध्ये निरोप समारंभ ही तशी गमतीचीच गोष्ट म्हणायची. माणूस जाऊन जाऊन जाणार कुठं? बाबूरावदादा उसाच्या इस्टेटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन मुलीकडे, रिव्हिएर दू रांपारला राहायला चालले आहेत. तिथं ते भाजीचे वाफे करणार आहेत. दोन बस बदलल्या की आपण त्यांच्या दारात. पण मंडळी, अंतर किलोमीटरवर असतं असं थोडंच आहे? दादांचं घर आणि माझं घर यांच्यात तीन घरं आहेत, आणि आम्ही दोघं गेली सहा वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही. हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. मी उभा राहिलो तेव्हा दुसऱ्या रांगेत कुजबूज झाली, ती मला ऐकू आली.

असो. सत्कारमूर्तींचा परिचय करून देणं हे माझं पहिलं कर्तव्य, ते मी पार पाडतो.

बाबूराव सखाराम इस्टेटीवर लागले ते उसाच्या लॉरीवर, वयाच्या अठराव्या वर्षी. पुढं वर्कशॉपमध्ये आले, मुख्य मेकॅनिक झाले. एवढंच असतं तर त्यांना आपण एक शाल, एक नारळ देऊन घरी पाठवलं असतं. परंतु सन १९७३ मध्ये एका जर्मन गृहस्थांचा मधुचंद्र बिघडला आणि दादांचं आयुष्य वेगळ्या वाटेला लागलं. ब्रूनरसाहेब त्यांचं नाव. तरुणपणी ते रॅलीच्या गाड्या चालवायचे. रॅली म्हणजे बंदिस्त गोल मैदानावरची शर्यत नव्हे. मातीचा, दगडांचा, वळणांचा खुला रस्ता, एका वेळी एकच गाडी, आणि घड्याळ. शेजारी एक सोबती बसतो आणि वहीतली टिपणं मोठ्यानं वाचतो: पुढं डावं वळण, मग चढ, मग उजवं. तर ब्रूनरसाहेब नव्या नवरीला घेऊन आपलं बेट पाहायला आले होते. हॉटेलची गाडी आपल्या चौकात बंद पडली. दादांनी ती दुरुस्त केली आणि बाईंना उशीर नको म्हणून स्वतःच उसाच्या आडवाटेनं हॉटेलवर नेऊन सोडली. पाठीमागे बाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि पुढच्या सीटवर साहेब टाळ्या वाजवत होते म्हणे. दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच समुद्रावर गेल्या, कारण साहेब आमच्या वर्कशॉपमध्ये होते.

पुढच्या वर्षी ते चार पोरं घेऊन आले. तिकडे ते गावोगाव हिंडायचे. ट्रॅक्टर चालवणारी, दुधाच्या गाड्या हाकणारी, बापाच्या गॅरेजात वाढलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलं हुडकायचे, आणि त्यांतली चार निवडून ऑक्टोबरात इथं आणायचे, दोन जुन्या गाड्यांसकट. तिकडे थंडी पडायला लागली की इकडे आपली कापणी संपत येते. नाताळापूर्वी त्या चौघांतला एक निवडायचा, आणि त्या एकालाच पुढच्या वर्षी खऱ्या संघात जागा मिळायची. बाकीच्या तिघांनी घरी जायचं. निवड कोण करायचं? साहेब म्हणाले, बाबूराव करील. सन ७४ पासून ८३ पर्यंत दहा वर्षं आपल्या गावातला लॉरीवाला जर्मनीच्या पोरांचं भवितव्य ठरवत होता, आणि आपण त्याला फार तर रस्त्यात ‘सालाम’ म्हणत होतो.

दादांची शिकवायची पद्धत मी जवळून पाहिली, कारण मी बालांसवर, म्हणजे उसाच्या वजनकाट्यावर कारकून. माझ्या खिडकीतून सगळं दिसतं. पोरं आली की पहिले दोन आठवडे गाडीला हात लावू द्यायचे नाहीत. उसानं भरलेली लॉरी द्यायचे. शेतातून काट्यापर्यंत आणायची, आणि वाटेत ऊस सांडता कामा नये. दादा मागून सायकलवर यायचे आणि पडलेले ऊस मोजायचे. आपल्या गावातल्या लेकरांना मात्र वाईट ड्रायव्हर फार आवडायचा. एक म्युनिकजवळचा मुलगा होता, त्याच्या लॉरीमागं तर मिरवणूकच असायची. पोरं चिडायची. आम्ही रॅली शिकायला आलो की ऊस वाहायला, असं विचारायची. दादा त्यांना आपल्या मोडक्या जर्मनमध्ये एकच शब्द सांगायचे, ‘लांगझाम’, म्हणजे हळू. वेग शिकायला आलेल्या पोरांना हळू शिकवणारा गुरू मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

लॉरी झाली की पायी चालायचं. अकरा किलोमीटरचा शेतातला कच्चा रस्ता, भर दुपारी. त्यानंतर गाडी, आणि तीही इस्टेटीच्या लॉऱ्या थांबल्यावर. ही पोरं राहायची आपल्याच घरांतून. हॉटेलात ठेवलं तर हवेत जातील, असं दादांचं म्हणणं. वर्षाला दोन घरं, घराला दोन पोरं. त्यांना तिखट सोसायचं नाही, डास सोसायचे नाहीत, आपली डाव्या बाजूनं गाडी हाकायची रीत तर अजिबात सोसायची नाही. पण जाताना रडायची. दहा वर्षांत एकूण चाळीस आली. तीन मध्येच परत गेली: एक पोटदुखीनं, एक उन्हानं, आणि एक कुण्या मुलीच्या पत्रानं. सदतीस जणांनी शेवटची परीक्षा दिली. या सदतिसांनाही मी मंडळातर्फे पत्रं लिहिली की दादांना निरोप आहे, चार ओळी पाठवा. सात उत्तरं आली. त्यांतली सहा मघाशी चंद्रिकाबाईंनी वाचून दाखवली, आपण टाळ्याही वाजवल्यात. सातवं माझ्या खिशात आहे.

आता ही शेवटची परीक्षा काय होती, ते मंडळींना सांगायला हवं. परीक्षेपूर्वी ते दर वर्षी फक्त तीन माणसांना ठाऊक असायचं.

पोरं दोन महिने त्या अकरा किलोमीटरांची टिपणं काढत राहायची. वही काळी व्हायची. ऊस डोक्यावरून उंच, दोन्ही बाजूंनी भिंती. मग टिपणात काय लिहायचं? उसाची भिंत संपली की डावीकडे. असं सगळं पाठ व्हायचं. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दादा सिरदार, म्हणजे तोडणीचा मुकादम, देवराज याला सांगून त्या रस्त्यावरचं एक शेत कापून घ्यायचे. दर वर्षी वेगळं. रविवारी पोरगं भरधाव तिथं पोचायचं, तर भिंतच नाही. उघडं रान, आणि उसात वर्षभर झाकलेले काळ्या दगडांचे ढीग. वळण कुठं आहे ते समजायला काही मार्गच नाही. त्या क्षणी पोरगं काय करतं, एवढंच दादांना पाहायचं असायचं. रस्ता पाठ करणारे तिकडे पुष्कळ आहेत, असं ते म्हणायचे, मला रस्ता बघणारा पाहिजे.

हे गुपित दादांना ठाऊक, देवराजला ठाऊक, आणि मला. मला का, तर शनिवारी कापलेला ऊस माझ्या काट्यावर येणार, चिठ्ठीवर शेताचा नंबर पडणार. दादा दर वर्षी मला एकदाच बजावायचे, घरी पोरं आहेत, तोंड सांभाळ. आणि मी सांभाळायचो.

आता सन १९८१. त्या वर्षी माझ्या घरी दोघं होते, पण मी एकाबद्दलच बोलणार आहे. त्याचं नाव फोल्कर. आपल्यातल्या पुष्कळांना तो आठवत असेल. मोठे कान, सदा हसरा. पंधरा दिवसांत क्रिओल शिकला, महिन्याभरात आमच्या अनुसयेला ‘मावशी’ म्हणायला लागला. ती चटणी वाटायला बसली की तो पाट्याशी जाऊन बसायचा. आम्हाला मूलबाळ नाही, हे इथं नव्यानं सांगायला नको. संध्याकाळी तो घरात आला की अनुसयेचा आवाजच बदलायचा. मी हे नुसतं सांगतो आहे, सबब म्हणून देत नाही. निवड झाली नाही तर त्याला चुलत्याच्या लाकडाच्या गिरणीत जावं लागणार होतं. त्याचा मोठा भाऊ तिथंच होता आणि त्याच्या हाताची दोन बोटं गेली होती. शनिवारी, बारा डिसेंबरला, जेवताना फोल्कर भात तसाच ठेवून उठला. अनुसया आत जाऊन डोळे पुसत होती.

मी अंगणात त्याच्याजवळ गेलो. म्हणालो, “उद्या चौदा नंबरात ऊस शोधू नकोस. आज कापला. दुसऱ्या दगडाच्या ढिगाशी डावीकडे वळ.”

हो मंडळी, मी. तोंडातून निसटलं वगैरे काही नाही. मी उठून गेलो, उभा राहिलो आणि सांगितलं.

कृष्णदेवजी, आपण माझ्याकडे पाहू नका, नाही तर मला पुढं वाचता यायचं नाही.

रविवारी मी घड्याळ घेऊन शेवटच्या टोकाला होतो. दर वर्षी वेळ मीच घ्यायचो. कारकुनाच्या हातात घड्याळ दिलं की लोकांचा विश्वास बसतो. अर्धं गाव आलं होतं. दादा मात्र टोकाला नव्हते, ते एकटे चौदा नंबरच्या वळणावर उभे होते. टिपणं वाचायला चौघांशेजारी ब्रूनरसाहेबच बसले. दोघांचं तर काही खरं नव्हतं. एक चौदा नंबरात दगडांवर चढला, दुसरा वळण सोडून सरळ शेतात गेला. मग फोल्कर आला, आठ मिनिटं चार सेकंद. तोपर्यंत असा वेळ कुणी दिला नव्हता. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. शेवटी राइनर आला. तो अबोल मुलगा, देवराजच्या घरी राहायचा, लॉरीतून एकही ऊस न सांडणारा. त्याला एकोणीस सेकंद जास्त लागले. साहेबांनी नंतर सांगितलं की चौदा नंबरात राइनरनं गाडी जवळजवळ थांबवली, इकडे तिकडे पाहिलं, आणि त्यांना म्हणाला की वही मिटा, आता मी बघून जातो. उरलेले चार किलोमीटर त्यानं एकही टिपण ऐकलं नाही.

संध्याकाळी वर्कशॉपच्या अंगणात दादांनी निवड सांगितली. राइनर.

घरी अनुसयेनं पुरणपोळ्यांचा घाट घातला होता. तिला वाटत होतं पोरगं जिंकूनच येणार. आणि मी, मंडळी, हातात घड्याळ धरून सर्वांसमोर पुढं झालो आणि दादांना विचारलं, “घड्याळ खोटं बोलतं का?” कुणाला शोभलं नसतं ते मला शोभलं. दादांनी मला क्रिओलमध्ये एवढंच सांगितलं, “ली पान गेते.” त्यानं पाहिलंच नाही. ते पूर्वीपासून म्हणायचे की बदललेला रस्ता दिसला की कसाही ड्रायव्हर असो, त्याचा पाय अॅक्सिलरेटरवरून कणभर तरी उचलला जातो. दादांनी तिथं उभं राहून इंजिन ऐकलं होतं. फोल्करचा पाय उचलला गेला नाही. आधी माहीत असल्याशिवाय असं होत नाही. हे मात्र ते तिथं बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काट्यावर आले. खिडकीत हात ठेवून मला म्हणाले, “सत्यदेव, तुला काही सांगायचंय?”

मी म्हणालो, नाही.

ते गेले. मी खिडकीतून पुढच्या लॉरीचा नंबर विचारला.

त्यानंतरचं सगळं आपल्याला ठाऊकच आहे, आणि ते उगाळायला मला फार जड जातं. पण चिटणीस म्हणून नोंद नीट व्हायला हवी. गावात उठलं की राइनरचा बाप श्रीमंत आहे आणि तो दादांच्या मुलाला, तुलसीरामला, जर्मनीत कारखान्यात लावून देणार आहे. हे कुणी उठवलं? मी उठवलं नाही. मी फक्त जिथं जिथं ऐकलं तिथं मूग गिळून बसलो. तुलसीराम कुठं गेला? आजही क्युरपीपच्या बसवर आहे, आत्ता त्या खांबाशी बसला आहे. तरी बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली नाहीत. आणि पुढच्या भाद्रपदात आपण काय केलं? वीस वर्षं आपल्या मंडळाच्या गणपतीची लॉरी दादा हाकत होते. घरापासून समुद्रापर्यंत, मूर्ती इकडची तिकडे न होऊ देता. त्या वर्षी आपण ठराव केला की लॉरी दुसऱ्याला द्यावी, लोकांचा विश्वास राहिलेला नाही. हा ठराव वहीत माझ्या अक्षरात आहे. खाली माझी सही आहे.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी दादा येऊन त्या लॉरीचे ब्रेक तपासून गेले. विसर्जनाला ते मागून पायी चालत आले, कुंतीवहिनींबरोबर. त्यानंतर मी त्यांच्याकडे पाहणंच सोडलं. लोक म्हणायचे, सत्यदेवला फोल्करबद्दलचा राग अजून आहे. छे हो! राग कसला? मला लाज वाटत होती. लाज वाटते म्हणून माणूस दुसऱ्याशी अबोला धरतो, हे मला माझ्यावरून कळलं. पहिल्या वर्षी सांगता आलं असतं. दुसऱ्या वर्षी सांगायचं तर पहिलं वर्ष का गप्प होतास, हेही सांगावं लागणार होतं. मग तिसरं आलं, चौथं आलं.

मी स्वतःची समजूत घालायचो की दादांना नुसता संशय असेल, नक्की माहीत नसेल. नक्की माहीत असतं तर एवढं सगळं माणूस गप्प राहून सोसेल का? तुम्हीच सांगा, तुम्ही सोसलं असतं?

आता खिशातलं पत्र काढतो. गेल्या महिन्यात, अठ्ठावीस नोव्हेंबरला ते मला काट्यावर मिळालं. मी वाचत बसलो आणि बाहेर सहा लॉऱ्या हॉर्न वाजवत उभ्या राहिल्या. पत्र इंग्रजीत आहे. मंडळींसाठी मी ते माझ्या मराठीत सांगतो.

फोल्कर लिहितो की तो गिरणीत दोन वर्षं होता. हात शाबूत आहेत. नंतर ब्रूनरसाहेबांनीच त्याला बोलावलं, आणि आता तो तिकडे नव्या पोरांना शिकवतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी रस्त्यावरचे ओंडके हलवून ठेवतो, जंगलातल्या खुणा काढून टाकतो, आणि वळणावर उभा राहून इंजिन ऐकतो. पोरं त्याला शिव्या देतात म्हणे. राइनरबद्दल तो लिहितो की त्यानं पाच हंगाम चांगली गाडी चालवली, कधी पहिला आला नाही, पण कधी कुणाला जखमी केलं नाही, आणि आता लग्न करून गॅरेज चालवतो. आणि मग हा मजकूर येतो. हा मात्र मी शब्दन्‌शब्द सांगतो.

“बाबूराव मला प्लेझांस विमानतळावर सोडायला आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, सत्यदेवकाकांनी अंगणात काय सांगितलं तेही. ते म्हणाले, मला रविवारपासून माहीत आहे. मी म्हणालो, मग गावाला सांगा, लोक तुम्हाला वाईट बोलताहेत. ते म्हणाले, त्यानं तुला पोटचा समजून सांगितलं. अनुसयेला हे माझ्या तोंडून कळलं तर तिच्या घरात तू आठवणीलाही उरणार नाहीस. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. काका, मला वाटत होतं की तुम्ही केव्हाच सांगितलं असेल.”

मंडळी, सहा वर्षं हा माणूस माझ्या दारावरून रोज सकाळी वर्कशॉपला जात होता. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्या पोराची चेष्टा झाली, त्याची लॉरी गेली, मी तोंड फिरवलं, आणि त्यानं माझ्या बायकोच्या एका आठवणीसाठी ते सगळं सहन केलं. आणि मी? मी काट्यावर बसून दुसऱ्यांच्या उसाचं वजन करत होतो.

अनुसया तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला हे आत्ता, तुमच्याबरोबरच कळतं आहे. काल घरी सांगावं असं फार वाटलं. पण मग विचार केला की दादांची बदनामी चारचौघांत झाली, तर ती धुतलीही चारचौघांतच गेली पाहिजे. तिला एकटीला सांगून मी इथं गोड बोललो असतो, हे मला माझंच ठाऊक आहे. अनुसये, तुझं फोल्करवरचं प्रेम खोटं नव्हतं. त्या प्रेमाच्या नावाखाली मी जे केलं ते खोटं होतं. पोरानं स्वतः कबूल केलं, आणि ते करायला मी त्याला शिकवलेलं नव्हतं.

तेव्हा चिटणीस म्हणून मी अध्यक्ष महोदयांना विनंती करतो की सन १९८२ चा तो ठराव आजच, या सभेत रद्द करावा आणि कारण म्हणून माझं नाव लिहावं. राजीनामा मी टेबलावर ठेवला आहे. रद्द करायचा ठराव दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात असावा, एवढं मात्र बघा. चंद्रिकाबाईंचं अक्षर चांगलं आहे.

आता आभार. हॉल दिल्याबद्दल बैठकेच्या, म्हणजे या समाजघराच्या, कार्यकर्त्यांचे, चहाची व्यवस्था करणाऱ्या भगिनींचे, वर्कशॉपमधून शालीसाठी रोझ हिलला जाऊन आलेल्या तरुणांचे, आणि इतका वेळ खोकलासुद्धा आवरून बसलेल्या आपणा सर्वांचे मी मंडळातर्फे मनापासून आभार मानतो. कुंतीवहिनी, सहा वर्षं रस्त्यात तुम्ही मला पाहून पदर सारखा करत होतात, एकदाही वाईट शब्द बोलला नाहीत. तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते मला माहीत नाही, आणि चंद्रिकाबाईंनाही विचारलेलं नाही.

बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान खालीवर झाला असेल, माझं मराठी कुणाच्या कानाला खुपलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घालावं. तेवढी क्षमा मी सभेकडे मागतो.

दुसरी क्षमा सभेकडे मागता येत नाही. दादा, ती तुमच्याकडे मागतो. द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा, घाई नाही, रिव्हिएर दू रांपारला जाऊन, नीट बघून ठरवा. या वेळी तुमची निवड मी मान्य करीन.

नमस्कार.